गांजाच्या कायद्याबद्दल स्वतःचे मत कसे ठरवावे

गांजा कायदेशीर करावा का, हा विषय निघाला की बहुतेकांचे उत्तर आधीच तयार असते आणि ते बहुधा गांजाबद्दल नसतेच. कोणाच्या मनात तरुण मुलांची काळजी असते, कोणाच्या मनात पोलिसांविषयीची चीड, कोणाला परदेशात पाहिलेली मोकळीक आठवते, तर कोणाला नात्यातल्या एखाद्याचे व्यसनापायी धुळीला मिळालेले आयुष्य. या साऱ्या भावना खऱ्या आहेत, परंतु त्यांच्यातून थेट कायद्याविषयीचे मत निघत नाही. एखादा पदार्थ वाईट आहे हे मान्य केल्यावरही राज्याने त्याबाबत नेमके काय करावे आणि तसे केल्याने प्रत्यक्षात काय घडेल, हे ठरवायचे शिल्लकच राहते. पुढील मजकूर त्या शिल्लक कामासाठी आहे आणि तो गांजा, चरस व भांग यांच्यापुरताच मर्यादित आहे. माझे स्वतःचे मतही मी यथावकाश सांगणार आहे, कारण मत दडवून केलेले मार्गदर्शन मला फारसे सरळ वाटत नाही.

आधी आजचा कायदा वाचावा

ज्या कायद्यात बदल हवा किंवा नको असे आपण म्हणतो, तो कायदा आज काय सांगतो हे पाहण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. केंद्राचा गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजेच बोलण्यातला एनडीपीएस कायदा, हा या विषयाचा पाया आहे. त्याच्या व्याख्येनुसार चरस म्हणजे झाडापासून वेगळी केलेली राळ आणि गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पाने गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. पानांपासून केलेली भांग या फटीतून बाहेर राहते. त्यामुळे राजस्थान किंवा उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याची भांगेची दुकाने चालू शकतात. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू असल्याने परवान्याशिवाय भांग बाळगणे किंवा विकणे येथे गुन्हाच ठरते. महाशिवरात्रीला किंवा धुळवडीला वाटीभर भांग घेणाऱ्या अनेक सज्जनांना याची कल्पना नसते, आणि तेच सज्जन गांजाच्या बातम्या वाचून कठोर शिक्षेची मागणी करतात, हे येथे नमूद करण्याचा मोह आवरत नाही.

शिक्षा किती, हे वजनावर ठरते. २००१ साली केंद्राने काढलेल्या अधिसूचनेनुसार गांजाची अल्प मात्रा १ किलोपर्यंत आणि व्यापारी मात्रा २० किलोपासून पुढे मानली जाते. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो असे आहेत. अल्प मात्रा सापडल्यास कमाल १ वर्ष सश्रम कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, मधल्या मात्रेसाठी १० वर्षांपर्यंत, आणि व्यापारी मात्रेसाठी किमान १० व कमाल २० वर्षे अशी चढती रचना आहे. गांजाच्या सेवनासाठी कलम २७ खाली कमाल ६ महिन्यांची शिक्षा आहे. म्हणजे खिशातली पुडी ओढून संपवणाऱ्यापेक्षा ती खिशात ठेवणाऱ्याला कागदोपत्री अधिक शिक्षा होऊ शकते, आणि ५ ग्रॅम बाळगणारा विद्यार्थी व ९०० ग्रॅम बाळगणारा किरकोळ विक्रेता वजनाच्या एकाच पायरीवर उभे राहतात. मत बनवताना अशा विसंगती टिपून ठेवाव्यात, कारण पूर्ण बंदी हवी असे म्हणणाऱ्यालाही त्या दुरुस्त कराव्याशा वाटू शकतात.

शिक्षेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे खटल्याची प्रक्रिया. व्यापारी मात्रेच्या गुन्ह्यात कलम ३७ नुसार आरोपी दोषी नसावा असे मानण्यास वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री झाल्याशिवाय जामीन मिळत नाही. कलम ३५ आणि ५४ मधील गृहीतकांमुळे पुराव्याचे बरेचसे ओझे आरोपीवर येते. दुसऱ्या बाजूला, अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर घेतली जावी अशी मागणी करण्याचा अधिकार कलम ५० देते. २०२० साली तोफान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरवले की, या कायद्याखाली तपास करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून वापरता येणार नाही. कलम ६४अ मधली तरतूद तर फारच थोड्यांना ठाऊक असते. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतल्यास तिच्यावर खटला चालवला जात नाही, अशी ती तरतूद आहे. ‘व्यसनी माणसाला तुरुंग नको, उपचार हवेत’ ही मागणी त्यामुळे अर्धी कायद्यातच आहे. प्रश्न आहे तो ती व्यवहारात किती उतरते, आणि जो व्यसनी नाही पण अधूनमधून ओढतो त्याचे काय, हा.

प्रश्नाचे तुकडे करावेत

कायदा वाचून झाला की एका कागदावर पुढील बाबी वेगवेगळ्या लिहाव्यात: सेवन, स्वतःपुरते बाळगणे, घरी दोन-चार झाडे लावणे, मित्राला फुकट देणे, दुकानातून विक्री, जाहिरात, औषधी वापर, आणि धागा व बिया यांसाठीची शेती. प्रत्येकीपुढे आपले उत्तर लिहावे. ‘कायदेशीर करा’ म्हणणाऱ्या पुष्कळांना क्रिकेटच्या सामन्यात गांजाची जाहिरात नको असते, आणि ‘बंदी हवी’ म्हणणाऱ्या पुष्कळांना कर्करोगाच्या रुग्णाला मिळणारे औषध रोखायचे नसते, हे या एका कृतीतून उघड होते.

येथे दोन गोष्टींची गल्लत टाळणे अत्यावश्यक आहे. एखादी कृती गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढणे म्हणजे त्यासाठी तुरुंगवास आणि खटला नसणे. दंड, समुपदेशन किंवा जप्ती तेव्हाही होऊ शकते. कायदेशीर बाजार उभारणे याचा अर्थ उत्पादन, प्रतवारी, कर, दुकाने आणि नफा असा होतो. पहिल्यात राज्य ग्राहकाच्या मागे लागणे सोडते, तर दुसऱ्यात विक्रेत्याला आपल्या देखरेखीखाली घेते. या दोहोंमधले अंतर बंदी आणि मुभा यांच्यातल्या अंतराइतकेच मोठे आहे.

शेतीची बाब तुलनेने सोपी आहे. कलम १४ नुसार धागा, बिया आणि बागायती उपयोगासाठी लागवडीला परवानगी देता येते, उत्तराखंडाने त्याआधारे परवाने दिलेले आहेत, आणि अशा झाडांत टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाचे प्रमाण ०.३ टक्क्यांहून कमी ठेवण्याचा दंडक असतो. या लागवडीचा नशेच्या वादाशी फारसा संबंध नाही आणि तिला त्या वादात ओढण्याचे कारणही नाही.

अपायाचा हिशेब दोन्ही वह्यांत मांडावा

गांजाने होणारा अपाय आणि गांजाबंदीने होणारा अपाय, असे दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात. बहुतेक वादपटू त्यांतला एकच मांडतात. पहिल्या हिशेबात प्रामाणिकपणे लिहायच्या गोष्टी अशा आहेत: नियमित वापराने काहींना व्यसन जडते, किशोरवयात सुरुवात केल्यास हा धोका वाढतो, तीव्र टीएचसी असलेल्या मालाचा रोजचा वापर मनोविकृतीच्या वाढत्या जोखमीशी जोडलेला आढळतो, स्किझोफ्रेनियाचा कौटुंबिक इतिहास असलेल्यांनी तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये, आणि गांजाच्या अमलाखाली वाहन चालवणे धोक्याचे आहे. दुसऱ्या हिशेबात अटक, लांबलेला खटला, पासपोर्टच्या आणि नोकरीच्या पोलीस पडताळणीत निघणारी नोंद, पुडीच्या निमित्ताने होऊ शकणारी पैशांची वसुली आणि भेसळीचा माल हे सारे येते. हा दुसरा बोजा सर्वांवर सारखा पडत नाही. चांगला वकील परवडणारा आणि न परवडणारा यांना कायदा एकच असला तरी त्यांचा अनुभव एक नसतो.

आकड्यांसाठी आपल्याकडे एक भरवशाचा आधार आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ या वयोगटात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, तर भांग, गांजा किंवा चरस घेणारे सुमारे ३.१ कोटी आहेत. दारूच्या बाबतीत मदतीची गरज असलेले ५.७ कोटी, तर गांजा-भांगेच्या बाबतीत ७२ लाख. भांग घेणारे गांजा व चरस घेणाऱ्यांहून अधिक आहेत, परंतु घातक वापराचे आणि अवलंबित्वाचे प्रमाण गांजा-चरस घेणाऱ्यांत जास्त आढळले. या आकड्यांवरून ‘दारूपेक्षा गांजा बरा’ असा निष्कर्ष झटकन काढला जातो, आणि तेथे थांबून विचार करावा. दारू राजरोस मिळते आणि गांजा चोरून, या परिस्थितीत मोजलेले हे आकडे आहेत. गांजाही कोपऱ्यावर मिळू लागला तर तो आकडा तेवढाच राहील असे त्यातून सिद्ध होत नाही. तसेच संख्या कमी असण्याचे श्रेय बंदीलाच आहे, हेही सिद्ध होत नाही.

आकडा कोणी आणि कसा भरला, हे तपासण्याचा उत्तम धडा आपल्याच इतिहासात आहे. १८९३-९४ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षी नोंदवल्या. गांजामुळे वेड लागते हा त्या काळचा सर्वांत मोठा आरोप होता आणि त्याला आधार होता वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदींचा. आयोगाने त्या नोंदी मुळापासून तपासल्या. तेव्हा दिसले की, रुग्णासोबत आलेल्या कागदावरून, कोणतीही खरी चौकशी न करता, वेडाच्या कारणाच्या रकान्यात गांजा असे भरले जात होते. आयोगाने अखेरीस बंदीऐवजी कर आणि नियंत्रण सुचवले व मध्यम वापराने सहसा अपाय होत नाही असे मत दिले. गांजाचे समर्थक हा अहवाल हमखास पुढे करतात. त्यांना दोन गोष्टींची आठवण द्यावी: त्या सरकारला अबकारी उत्पन्नाची गरज होती, आणि आज बाजारात येणारा तीव्र माल आयोगापुढे नव्हता. अहवालाचा निष्कर्ष जुना झाला असेल, त्याची तपासणीची रीत मात्र आजही उसनी घ्यावी अशी आहे.

परदेशाचे दाखले तपासून घ्यावेत

या वादात सर्वाधिक चुकीचे बोलले जाते ते परदेशांबद्दल, म्हणून येथे थोडे रेंगाळावे लागेल.

नेदरलँड्समध्ये गांजा कायदेशीर आहे असे पर्यटक सांगतात. तेथे १९७६ साली कायद्यात गांजा-चरस आणि अधिक घातक अमली पदार्थ असे दोन गट केले गेले, आणि पुढे कॉफीशॉपमधील विक्रीकडे ठरावीक अटींवर कानाडोळा करण्याचे धोरण रूढ झाले. एका व्यक्तीला एका दिवशी ५ ग्रॅमपर्यंत, १८ वर्षांखालील कोणाला नाही, जाहिरात नाही, अशा त्या अटी आहेत. पण दुकानाच्या पुढच्या दारातून होणारी विक्री चालवून घेतली, तरी मागच्या दाराने येणारा माल बेकायदाच राहिला, त्यामुळे पुरवठा गुन्हेगारांच्याच हाती गेला. ही गाठ सोडवण्यासाठी तेथे आता काही शहरांत परवानाधारक उत्पादकांकडून मालपुरवठ्याचा प्रयोग चालू आहे. केवळ ग्राहकाला सोडून द्यावे असे ज्यांचे मत आहे, त्यांनी या मागच्या दाराला उत्तर शोधले पाहिजे.

पोर्तुगालने ड्रग्ज कायदेशीर केले, हे विधान तर सरळ चूक आहे. तेथे २००१ पासून, साधारण १० दिवसांच्या वापराइतका कोणताही अमली पदार्थ बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही; विक्री मात्र गुन्हाच आहे. सापडलेल्या व्यक्तीला एका समितीपुढे जावे लागते आणि ती समिती दंड करू शकते किंवा उपचाराकडे वळवू शकते. त्यासोबत उपचारांची व्यवस्थाही मोठ्या प्रमाणावर वाढवली गेली होती. ही दुसरी बाब गाळून पहिलीचेच अनुकरण करू पाहणाऱ्यांसाठी अमेरिकेतील ओरेगॉन राज्याचा दाखला आहे. तेथे २०२० च्या मतदानाने सर्व अमली पदार्थ अल्प प्रमाणात बाळगणे गुन्ह्याबाहेर काढले गेले आणि २०२४ साली ते पुन्हा गुन्ह्यात आणावे लागले. परंतु ओरेगॉनमध्ये काय फसले हे सांगताना गांजाचे नाव घेऊ नये: तेथे प्रौढांना गांजा २०१५ पासूनच कायदेशीर होता आणि तो तसाच राहिला. मागे घेतले गेले ते हेरॉइन, मेथ, फेंटानिलसारख्या पदार्थांबाबतचे धोरण. आपल्याकडेही गर्दुल्ला आणि गांजा ओढणारा यांना एकाच शब्दात गुंडाळण्याची सवय आहे, ती याच प्रकारची.

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी बाजार उघडला, परंतु प्रांतांनी वेगवेगळे मार्ग धरले. अल्बर्टात वयाची अट १८ आणि खासगी दुकाने. क्वेबेकमध्ये २०२० पासून २१ आणि फक्त सरकारी दुकाने. ‘कॅनडासारखे’ म्हणणाऱ्याला यांपैकी कोणत्या कॅनडासारखे, असे विचारावे. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण नियमनाचा कायदा संसदेत अडकून पडला, गल्लोगल्ली दुकाने उघडली, आणि २०२५ मध्ये गांजाची फुले वैद्यकीय चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई करावी लागली. नियम आधी आणि दुकाने नंतर, हा क्रम उलटला की काय होते याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेत राज्याने मुभा दिलेली असली, तरी संघराज्याच्या कायद्यात गांजा नियंत्रित पदार्थच आहे, आणि व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्याला त्याचा वापर, नुसती कबुली दिली तरी, महागात पडू शकतो. शिवाय एनडीपीएस कायदा भारताबाहेरील भारतीय नागरिकांनाही लागू आहे, असे त्याचे पहिलेच कलम म्हणते.

दारूबंदीच्या कसोटीवर घासून पाहावे

महाराष्ट्राला बंदीच्या धोरणाचा दीर्घ अनुभव आहे आणि तो वाया घालवू नये. वर्ध्यात आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली लागू झाली आणि २०२१ साली उठवली गेली. २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि कोणत्याही टपरीवर उभे राहिले तर तिची अवस्था कळते. आता स्वतःला विचारावे की, चंद्रपूरची बंदी उठवणे योग्य होते असे आपण मानत असू, तर गांजासाठी तोच युक्तिवाद का लागू होत नाही? आणि गडचिरोलीच्या बायकांनी दारूच्या दुकानांविरुद्ध दिलेला लढा आपल्याला न्याय्य वाटत असेल, तर गांजाची दुकाने उघडण्यास आपण कोणत्या तोंडाने मान्यता देणार? या दोन प्रश्नांची उत्तरे परस्परांशी जुळलीच पाहिजेत असे नाही. पदार्थ वेगळे आहेत, त्यांचा सामाजिक वावर वेगळा आहे. मात्र फरक कशामुळे केला, ते आपल्याला सांगता आले पाहिजे.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे म्हणणेही ऐकावे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करत आले आहे, आणि अशा केंद्रांत काम करणाऱ्या माणसांना व्यसनाची जी बाजू दिसते, ती आकडेवारीत दिसत नाही. अर्थात, त्यांच्यासमोर येतात ते वापर हाताबाहेर गेलेले लोक. वर्षातून दोनदा भांग घेणारा माणूस तेथे कधी जात नाही, आणि पोलिसांनी पकडलेला प्रत्येक मुलगा व्यसनी असतोच असे नाही. प्रत्येक साक्षीदार आपल्या दारातून जेवढे दिसते तेवढेच सांगतो, हे धरून चालावे.

मत लिहून काढावे

शेवटी आपले मत दहा-बारा ओळींत, वर केलेल्या तुकड्यांच्या क्रमाने लिहावे, आणि प्रत्येक उत्तराखाली ‘काय दिसले तर मी हे बदलीन’ अशी एक ओळ जोडावी. जिच्याखाली अशी ओळ सुचतच नाही, ती बाब आपल्यासाठी श्रद्धेची आहे. ती तशी असायला हरकत नाही, पण वादात तिला पुराव्याचा वेष चढवू नये.

नमुन्यादाखल माझे मत असे आहे. प्रौढ व्यक्तीने स्वतःपुरता थोडा गांजा बाळगणे आणि ओढणे हा फौजदारी गुन्हा असू नये. जप्ती, दंड आणि गरज असल्यास उपचारांचा मार्ग पुरेसा आहे, आणि त्यासाठीची मर्यादा आजच्या १ किलोच्या पायरीहून कितीतरी खाली, काही ग्रॅमांत असावी. अल्पवयीन मुलांना विकणाऱ्याला आजच्याइतकीच कठोर शिक्षा राहावी. औषधी वापर इतर कोणत्याही औषधासारखा चाचण्या आणि चिठ्ठी यांच्या वाटेने यावा. दुकाने मात्र आज नकोत: जी यंत्रणा शाळेजवळच्या टपरीवरचा गुटखा रोखू शकत नाही, ती वयाची अट आणि टीएचसीची मर्यादा पाळून घेईल यावर माझा विश्वास बसत नाही. एखाद्या राज्याने परवान्याच्या भांग दुकानांत वयाची अट खरोखर पाळून दाखवली, तर मी दुकानांबाबत फेरविचार करीन. आणि दंडाची सोय झाल्यावर किशोरवयीन मुलांचा वापर लक्षणीय वाढल्याचे विश्वासार्ह सर्वेक्षणात दिसले, तर पहिल्या मुद्द्याबाबतही करीन. ग्राहकाला सोडायचे आणि विक्रेत्याला धरायचे, यात नेदरलँड्सचे मागचे दार माझ्याही मतात उघडेच राहते. त्यावर समाधानकारक तोडगा माझ्याजवळ नाही.

घरात मुलांशी या विषयावर बोलताना कायद्याविषयीचे मत आणि वापराविषयीचा सल्ला वेगळे सांगावेत. ‘यासाठी तुरुंग नसावा असे मला वाटते’ आणि ‘तू हे घेऊ नयेस असेही मला वाटते’ ही दोन वाक्ये एका दमात बोलता येतात, आणि मुलांना ती समजतात. कायदा बदलावा असे म्हणणे हा आपला हक्क आहे. तो बदलेपर्यंत आजचा कायदा लागू आहे, हेही त्याच वेळी सांगून टाकावे.

मत कोणाकडे पाठवायचे, तेही ठरवून घ्यावे. सेवन, बाळगणे, वजनाच्या पायऱ्या आणि शिक्षा हे केंद्राचे विषय आहेत, तेव्हा त्याबाबतचे पत्र आपल्या खासदाराला लिहावे. भांगेचे परवाने व नियम राज्याच्या हाती आहेत, आणि कलम १० खाली लागवडीचे नियमन करण्याचे काही अधिकारही राज्याला आहेत. त्याबाबत आमदाराला आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाला लिहावे. दोन्ही विषय एकाच पत्रात घातल्यास प्रत्येक कार्यालय ते पत्र दुसऱ्याकडे पाठवील, म्हणून दोन पत्रे लिहावीत.